कधीतरी म्हणजे गुरुवार

"पाठ दाखवा."

असं म्हणत काका पाकीट हातात घेत आणि उलटं करत. पाकिटाची समोरची बाजू, म्हणजे तो वितळलेल्या चीजचा धबधबा आणि लालचुटुक टोमॅटो, त्यांनी आयुष्यात कधी धड पाहिली नसावी. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाला टेकलेलं आणि ओठांची पुटपुट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ पोथी वाचताहेत. रणांगणात पाठ दाखवणं ही नामुष्की. माझ्या दुकानात ती प्रत्येक बिस्किटाच्या पुड्याला आणि प्रत्येक सॉसच्या बाटलीला रोज सोसावी लागे.

गारखेड्यात माझं किराणा-जनरलचं दुकान. काका मागच्या गल्लीत राहत. मूळचे फर्दापूरकडचे, घर शेतकऱ्याचं, आणि त्या घरातले पहिले नोकरदार हे. वजनमापं खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. बोलता बोलता माझ्या काट्यावर स्वतःच्या घराची किल्ली ठेवून पाहत. तिचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गल्लीतले निम्मे लोक "हां हां, तेच!" म्हणतील आणि उरलेले निम्मे आपापल्या पिशव्या पाठीमागे लपवतील.

मी डीप फ्रीजर आणला तो दिवस माझ्यासाठी राज्याभिषेकाचा. नारळ फोडला, जास्वंद वाहिली आणि बाहेर पाटीवर खडूनं लिहिलं: 'पौष्टिक पिझ्झा स्नॅक्स. गव्हाचे!' गोठवलेले, लिंबाएवढे तुकडे. आत सॉस, चीज, मक्याचे दाणे. उद्घाटनाला म्हणून मी काही तळून ताटलीत ठेवले होते. तेवढ्यात काका आले, मागे काकू.

काकूंबद्दल आत्ताच सांगायला हवं. त्यांची किडनी कमजोर झाली होती. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं, आणि मीठ सुटलं तसं काकूंचं जेवणच सुटत चाललं. अळणी वरण दोन घास, भाकरीचा एक तुकडा, की ताट सरकवलं. मूळच्या ठसठशीत बाई, पण महिन्याभरात बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. "अशा उपाशी राहिल्या तर माझी औषधं काय करणार?" असं डॉक्टर म्हणाले होते. काका हे मला सांगत तेव्हाही आवाज तसाच, तराजूवर शिक्का मारल्यासारखा.

"शेठ, पौष्टिक कुणी लिहिलं?"

"गव्हाचं आहे ना काका. ओंबीचं चित्रसुद्धा आहे."

"ओंबी पुढं हाये. मागं वाचा. रिफाइंड गव्हाचं पीठ. म्हणजे मैदा! माहेरचं सगळं काढून घेतलेला गहू. जे जास्त ते पहिलं लिहायचा नियम हाये: पहिला मैदा, मग पाणी, मग तेल. चीजचा नंबर कितवा? मक्याचा? चित्रात मात्र मक्यानं शेत भरलंय."

मी म्हटलं, "पण एका सर्व्हिंगमध्ये फार काही नाही, तिथंच लिहिलंय."

झालं. त्यांचे डोळे चमकले. "सर्व्हिंग म्हणजे वाढणी. वाढणी किती? चार तुकडे. पाकिटात किती? वीस. शेठ, आपल्याकडं चार वाढून कुणी थांबतं का? पाचवा वाढला नाय तर पाव्हणा रुसून जाईल! मीठ चार तुकड्यांचं लिहायचं आणि पोरांनी बारा खायचे. आमच्या खात्यात याला खोटं माप म्हणत नव्हते, कारण छापलेलं सगळं खरं असतं. हाच तर डाव हाये."

शेजारचा टेलर दारातून ऐकत होता. "कैकू पढरे साब? ठंडा होरा, खाव!"

हे सगळं चालू असताना काकूंनी ताटलीतला एक तुकडा तोंडात टाकला होता. तो हळूहळू चावून संपवला. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लई दिवसांनी तोंडाला चव आली."

काका वळले. माझ्याकडं असं पाहिलं की मी फ्रीजरच्या आत जाऊन बसावं. मग पाटीवरचा 'पौष्टिक' शब्द रुमालानं पुसला, माझा खडू घेतला आणि सुंदर सरकारी अक्षरात तिथं लिहिलं: 'कधीतरी'. कधीतरी पिझ्झा स्नॅक्स. 'गव्हाचे!' हेही त्यांनी पुसून टाकलं होतं. खरं सांगतो, त्या पाटीनं गल्ली हसत हसत दुकानात आली आणि फ्रीजर दोन दिवसांत रिकामा झाला. मी आणखी मागवले.

तिसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले. काकूंनी सरळ फ्रीजरकडं बोट दाखवलं. "भाऊ, ते द्या."

"नाय," काका म्हणाले. "विष नाय ते, पण जेवणही नाय. कधीतरी खायची वस्तू हाये."

"कधीतरी म्हणजे कधी?"

"कधीतरी म्हणजे... कधीतरी."

"तुमच्यापाशी असतील लई कधीतरी," काकू म्हणाल्या. चिडून नव्हे, भाजीचा भाव विचारावा तसं. "माझ्यापाशी किती उरलेत तेवढं सांगा. मग थांबते मी."

काकांच्या हातात तेव्हा पाकीट होतं. ते उलटं न करता त्यांनी परत ठेवलं. माझ्या दुकानात असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंकडं गेले. परत आल्यावर मला सगळा सीन करून दाखवला. "मी मिठाचा आकडा दाखवला, चीजचं सांगितलं, त्यातल्या पावडरी वाचून दाखवल्या. पोरगी आमच्या नातीएवढी. सगळं ऐकलं अन् म्हणती, काका, त्या बाकी दिवसभर काय खातात? मी म्हटलं, काहीच नाय. म्हणती, मग आधी त्याची काळजी करू."

निकाल असा लागला: आठवड्यातून एकदा, दोनच तुकडे. त्या दिवशी पापड, लोणचं, चटणी, कशातच मिठाचा कण नाही. आधी वरण-भात पुरता संपवायचा, मगच तुकडे. दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि आकडा बिघडला तर सगळं बंद. वार काकांनी ठरवला. कधीतरी म्हणजे गुरुवार.

पाकीट माझ्याच फ्रीजरमध्ये राहायचं, वर चिठ्ठी: 'काकूंचे. हात लावू नये.' घरी का नेत नाही विचारलं तर म्हणाले, "घरात ठेवलं तर गुरुवार सोमवारीच येईल."

एका गुरुवारी मी तांदूळ पोचवायला गेलो तेव्हा तो सोहळा पाहिला. गॅसवर आप्पेपात्र, तेलाचा थेंब नाही, सात खळग्यांपैकी दोनांत दोन तुकडे, आणि काका चिमट्यानं त्यांची कूस बदलताहेत. पानात वरण-भात आणि लिंबाच्या फोडी. काकांच्या पानातही तेच. मी त्यांच्या वरणात बोट बुडवून चाटलं. अळणी!

"काका, तुमची किडनी तर ठीक आहे."

"दोन भांडी कशाला घासायची?" ते म्हणाले.

त्या घरात मिठाची बरणीच नव्हती. पुढं चार वर्षं नव्हती.

वजन मात्र माझ्या दुकानात व्हायचं. हॉस्पिटलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पोती तोलायचा माझा मोठा काटा त्यांनी स्वतः तपासलेला होता. दर गुरुवारी काकू पदर सावरून त्यावर उभ्या राहत आणि काका वाकून आकडा वाचत.

टेलर एकदा ओरडला, "क्या साब, तांदूळ कू छोडके भाभी कू तोलरे?"

काकू काट्यावरूनच म्हणाल्या, "उतरू द्या मला. तुमच्या मशीनवर आधी तुमचंच तोंड शिवते."

पहिले दोन महिने आकडा जागचा हलला नाही. मग पावशेर. मग अर्धा किलो. तो अर्धा किलो काकांनी असा जाहीर केला की गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. रक्ताचे आकडेही जिथल्या तिथं राहिले. बांगड्या हळूहळू मनगटाशी परत आल्या.

मागच्या वर्षी काका गेले. सकाळी, दाढी करताना, अर्धा गाल व्हायचा होता. हृदय थांबलं म्हणाले. काकूंची काळजी करत असलेली सगळी गल्ली काही वेळ तशीच चुकीच्या माणसाकडं बघत उभी राहिली.

महिन्या-दीड महिन्यानं काकू एकट्याच दुकानात आल्या. वार गुरुवारच होता. मी न विचारता फ्रीजर उघडला आणि चिठ्ठीचं पाकीट काढलं. त्या हसल्या.

"राहू द्या भाऊ. देऊन टाका कुणाला. मला दुसऱ्या महिन्यापासूनच आवडत नव्हते ते. पुठ्ठा चावल्यागत लागायचं."

"मग चार वर्षं?" मी विचारलं.

"सकाळधरनं कागद घेऊन बसायचे. दोन तुकड्यांसाठी! दिवसभराचं मीठ मांडायचे, खोडायचे, पुन्यांदा मांडायचे. आता नको, असं कसं म्हणायचं त्यांना?" मग म्हणाल्या, "अन् आधी वरण-भात संपवायची अट होती ना. तो पोटात जायचा."

मी जिरं बांधून दिलं. आता जेवण कसं जातं, हे विचारायला माझी जीभ रेटेना. काकूंनीच ओळखलं असावं.

"जेवताना माझे घास मोजायचे ते," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात. त्यांना वाटायचं मला कळत नाय. पण ओठ हलायचे." जिऱ्याची पुडी त्यांनी पिशवीत टाकली. "आता मीच मोजते. काल एकवीस झाले."