वाक! आता लाथ घाल!

लहानपणीचे सगळे गेम आता मोबाईलवर फुकट मिळतात, असं कोणी सांगितलं की त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते. काय डोंबल मिळतं!

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता. त्यात दोन पैलवान एकमेकांना बडवायचे. धाकटा भाऊ शेजारच्या मुलाशी खेळायचा आणि मी मागे बसून मराठीत ओरडायचे, "वाक! आता लाथ घाल!" शेजाऱ्याला फक्त तमिळ कळायचं. तो दर वेळी सपाटून मार खायचा आणि आमच्यावर चिडायचा. शाळेत, दुकानात, रस्त्यावर जिला कोणी विचारत नव्हतं ती आमची मराठी तेवढ्या खेळात जिंकायची.

ते मशीन कधीच बिघडलं आणि भंगारात गेलं. परवा भाऊ चेन्नईहून आला तो तोच गेम मोबाईलवर घेऊन. मोठा उपकार केल्यासारखा माझ्यासमोर खेळायला बसला. या वेळी समोर शेजारी नव्हता, नुसता कॉम्प्युटर होता. तरी सवयीने माझ्या तोंडून निघालंच, "वाक!"

मान वर न करता तो तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, तमिळमध्येच बोल ना. आता कोणापासून लपवायचंय?"