न घेतलेला प्याला

“पल्मनरी ट्युबरक्युलोसिस,” डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पल्मनरी म्हणजे फुप्फुसाचा, आणि पुढच्या लांबलचक नावाचा अर्थ क्षय. उजव्या बाजूला वर रुपयाएवढा गोल दिसत होता. त्याला कॅव्हिटी म्हणतात, म्हणजे फुप्फुसाला आतून पडलेली पोकळी.

“आप करते क्या हैं?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“पादरी हूँ.”

“तो कुछ महीने भगवान को बोलने दीजिए. आप चुप रहिए.”

हे हसले. मला मात्र आमचं घर डोळ्यांसमोर दिसू लागलं. ते घर आमचं नव्हतंच. चर्चच्या आवारातलं, जो पाळक असेल त्याचं. पाळकाचं काम सुटलं की घरही सुटणार. पूर्वी अशा वेळी मिशनचे साहेब लोक बघून घेत. स्वराज्य आल्यापासून ते एकेक करून परत गेले होते आणि चर्चच्या मंडळीचा कारभार आमच्याच माणसांच्या हाती आला होता. आमची माणसं म्हणजे रेल्वेतले, शाळेतले, दवाखान्यातले साधे लोक. ते आम्हाला कुठवर सांभाळणार?

लक्षणं दोन महिन्यांपासून होती. संध्याकाळी अंगात कसर, रात्री घाम, सैल होत चाललेला कोट. खोकल्याला मी “प्रवचनाचा घसा” म्हणत होते आणि ज्येष्ठमध चघळायला देत होते. रुमालावर लाल ठिपका दिसला तेव्हाही आधी रुमाल धुतला, मग घाबरले. शहाणपण पाजळायला मी नेहमीच पुढे, पण तेव्हा ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

उज्जैनमधल्या माधव नगरच्या दवाखान्यातून परतताना टांगा टावर चौकात थांबवून मी डाळिंबं घेतली आणि तिथेच म्हटलं, “कुणाला सांगायचं नाही. वार्षिक सभा होऊ द्या.” त्या सभेत कोणता पाळक कुठे राहणार ते ठरत असे. सभेला महिना होता.

“आणि रविवारी?” ह्यांनी विचारलं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षरसाचा एकच प्याला असे. आधी पाळक घोट घेणार, मग पंच, म्हणजे मंडळीचे वडीलधारे कारभारी, मग तोच प्याला बाकांवरून सगळ्यांकडे फिरणार. डॉक्टरांनी तर भांडी वेगळी ठेवा आणि आमच्या मुलींना जवळ घेऊ नका म्हणून बजावलं होतं.

“काहीतरी करा,” मी म्हटलं. एवढंच सुचलं मला.

ह्यांनी जे केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं. तोंडापुढे रुमाल धरून प्रार्थना म्हटली, प्याला उचलला आणि स्वतः न घेताच पंचांच्या हाती दिला. बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. कारण आमच्यात प्याला न घेण्याचे दोनच अर्थ होतात: मनात कुणाबद्दल तरी अढी आहे, नाहीतर हातून पाप घडलंय.

सोमवारी सकाळी रूथमावशी आल्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या स्वयंपाक करत आणि जिभेला हाड नसल्याबद्दल प्रसिद्ध होत्या. “पाळकसाहेब, तुमच्या बाईंच्या नव्या साडीबद्दल मीच बोलले होते,” असं म्हणून रडायलाच लागल्या. मंगळवारी पेटीवाले मास्तर आले. ह्यांनी सांगितलेली चाल मुद्दाम बदलली होती, त्याची माफी मागायला. संध्याकाळी एकजण आवारातले पेरू तोडल्याचं कबूल करून गेला. हे कॉटवर बसून प्रत्येकाला लांबूनच हात जोडत होते. मी दाराआडून एकेक माफी मोजत होते.

बुधवारी साळवेकाका आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचांमध्ये सगळ्यांत वडील. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, “साहेब, माझ्याबद्दल काही असेल तर सांगून टाका. गलती हुई होगी. तीन रात्री मला झोप नाही.”

तीन रात्री जागलेला तो म्हातारा माणूस पाहिला आणि माझी मला लाज वाटली.

“कुणाबद्दल काही नाही, काका,” मी म्हटलं. “ह्यांना क्षय झालाय. लपवायला मीच सांगितलं. घर जाईल म्हणून.”

काका उठले. चहा तसाच ठेवून, टोपी घालून निघून गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मी शत्रूलाही देणार नाही. कुणी आलं नाही. थुंकीच्या तपासणीचा कागद आला: स्प्युटम पॉझिटिव्ह, म्हणजे थुंकीत जंतू आहेत, दुसऱ्याला लागू शकतात. दुधवाला भांडं फाटकावरच ठेवून गेला. मी मुलींना घेऊन ओसरीत निजत होते आणि मनातल्या मनात ट्रंका भरत होते.

शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये पंच जमलेले स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले. तासाभराने रूथमावशी दारात. “बाई, किल्ली द्या.”

मला वाटलं, घराचीच. “आजच?”

“तो क्या मुहूर्त निकालें? मागच्या खोलीची द्या. चुना कालवून ठेवलाय, वाळून जाईल.”

आवारातली ती मोडक्या बाकांची खोली त्यांनी संध्याकाळपर्यंत रिकामी केली, चुना मारला आणि खिडकीजवळ कॉट टाकली. ह्यांनी तिथे राहायचं, मी आणि मुलींनी घरात. साळवेकाका लांब उभे राहून ह्यांना म्हणाले, “दर रविवारी आमच्यातला एकेकजण बोलेल. आम्हाला येत नाही, तेव्हा लोकांची परीक्षाच होणार. पण सभेला लिहून टाकलंय, उज्जैनला पाळक आहे, दुसरा नको.”

मग माझ्याकडे वळले. “त्या दिवशी चहा राहिला. काय बोलावं तेच सुचेना मला, बाई.”

मी तोंडात पदर कोंबून रडले.

पाच आठवड्यांनी इंदूरकडच्या क्षयरुग्णालयात खाट मिळाली. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. हे जंतू मारणारं औषध तेव्हा नवं होतं आणि त्याने कान वाजत. शिवाय ए. पी., म्हणजे छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवायचं, त्याला विश्रांती मिळावी म्हणून. दर वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून दाराची कडी वाजते का ते ऐकत असे. पण शेजारी नेहमी कुणीतरी असायचं. मला एकटीला बसने जाऊ द्यायचं नाही असं मंडळीने ठरवलं होतं. पेटीवाले मास्तर तर सोबतीला येऊन वाटभर झोपत.

दाखल झाले तेव्हा कागदावर मध्यभारताचा शिक्का होता. सुटले तेव्हा मध्यप्रदेशाचा. राज्य बदललं, घर मात्र तेच राहिलं. तीन तपासण्यांत स्प्युटम निगेटिव्ह आला. “अब किसीको डर नहीं,” डॉक्टर म्हणाले. पण हे म्हणाले, “प्याला मात्र मी घेणार नाही. लोकांच्या मनात शंका यायला नको.”

ते साळवेकाकांच्या कानावर गेलं. शनिवारी म्हातारा थेट क्षिप्रेच्या राम घाटावर गेला आणि पूजेच्या सामानाच्या दुकानातून पितळेच्या चिमुकल्या वाट्या घेऊन आला, माणशी एक. दुकानदाराने विचारलं होतं, “इतनी कटोरियाँ? कौन-सी पूजा बैठा रहे हो, बाबा?” काकांनी सांगितलं, “हमारे पंडितजी ठीक होकर आए हैं.” त्यावर त्याने दोन वाट्या आणखी घातल्या.

तुम्ही कुणी पाळकाच्या घरात असाल आणि असा कागद हाती आला, तर माझ्यासारखं करू नका. आपण इतरांची दुःखं ऐकणारे, आपल्याला दुःख सांगायची सवय नसते. लोक काय करतील याचा मी एकटीने अंदाज बांधला आणि तो साफ चुकला. चुकला म्हणून मी देवाचे आभार मानते.

रविवारी वाट्या वाटल्या. ह्यांच्या हातात होती तशीच रूथमावशींच्या हातात, तशीच माझ्या. प्रार्थना संपली तरी कुणी वाटी उचलेना. सगळे खाली मान घालून ह्यांच्यासाठी थांबले होते. ह्यांनी वाटी ओठाला लावली, आणि मग मंडळीने.