वळवलेल्या व्हाळाचं अस्तर

"साहेब, बाव आमी अशीच बांधतंव. फट ठेवली नाय तर झरो खंयसून येतलो?" मेस्त्री म्हणाले आणि मी डोक्याला हात लावला.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. वेंगुर्ल्याजवळच्या एका लोखंडाच्या खाणीवर मी ओव्हरसियर होतो. मी घाटावरचा. डोंगरातून येणारा व्हाळ, म्हणजे ओढा, नेमका खनिजावरून वाहायचा, म्हणून नवा चर खणून तो खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याला, म्हणजे डंपला, वळसा घालून नेला. पण कच्च्या चराची माती पाण्यानं खाल्ली, काठाचा डंपही खचला आणि सगळा तांबडा गाळ खाली जनाकाकीच्या भातात जाऊन बसला. विधवा बाई, तेवढाच एक मळा. रोप जागच्या जागी कुजलं.

उपाय म्हणजे लायनिंग. चराला आतून चिऱ्याचं अस्तर. गावात चिऱ्यात हात बसलेले गवंडी म्हणजे बावी, विहिरी बांधणारे हे मेस्त्री आणि त्यांची माणसं. त्यांनी सुरेख काम केलं, अगदी विहिरीसारखं. झरा आत यावा म्हणून सांधे उघडे ठेवले.

"मेस्त्री, ही विहीर नव्हे. इथं पाणी बाहेर जाता कामा नये."

"असा आधी सांगूक नको?"

सांगितलं होतं. पण हाताची सवय सांगण्यानं जात नाही. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"पाऊस तोंडावर आलाय. मजूर लोडिंगला हवेत. अजून किती दिवस व्हाळात खेळणार?"

"सर, जॉइंट उघडे राहिले तर पाणी चिऱ्यामागची माती खाईल. पहिल्याच पुरात सगळं त्या बाईच्या शेतात."

"मग करा. पण बंदरावर खनिज न्यायला आलेली बार्ज थांबता कामा नये."

चिरे काढले, खाली चिकणमाती ठोकली, पुन्हा बसवले, सांधे सिमेंटनं बुजवले. जनाकाकी रोज काठावर येऊन बसायची.

"झिला, ह्या वर्सा तरी भात हाताक लागतला मां?"

"लागेल, काकी."

आणि लागलं. पावसानं झोडपून काढलं, पण चराचा एक चिरा हलला नाही. काकीनं नव्या तांदळाचे घावणे आणून दिले. इतका दमलो होतो, पण खरंच सुखावलो.

उन्हाळा चढला तशी ती पुन्हा आली. या वेळी रिकामी घागर घेऊन.

"भात वाचला रे बाबा. पण बावीचा पाणी खंय गेला?"

मी मेस्त्रींना घेऊन विहीर बघायला गेलो. तळ कोरडा. तेव्हा कुठे ध्यानात आलं. व्हाळाचं पाणी जमिनीत मुरून तिच्या विहिरीत उतरायचं. कच्च्या चरातूनही मुरायचं. आम्ही त्याचा थेंबन् थेंब बंद केला होता. मला सुचलं नव्हतं, विहिरींत हयात घालवलेल्या मेस्त्रींनाही नाही. गाळातून वाचलेली बाई आता तहानेला लागली.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "शेत वाचवायचं म्हणालात, वाचलं. मॅटर क्लोज करा."

लायनिंग फोडलं तर भात जाणार, ठेवलं तर विहीर. शेवटी खाणीच्या पंपाचं पाणी पिंपात भरून रोज ट्रकनं पाठवायला लागलो. काकीनं पहिल्या दिवशी पिंपात वाकून बघितलं.

"खाणीचाच मां?" तिनं विचारलं आणि घागर बुडवली.

तेव्हापासून कुठलीही गळती बुजवण्याआधी, तिच्यावर खाली कोण जगतंय ते मी आधी बघून येतो.