पाय कोण धरणार?

मुलाणीचाचाला बकरं कापायला बोलावलं, की तो किती माणसं जेवायला आहेत, वाटा काय मिळणार, असलं काही विचारत नसे. एकच विचारायचा, "पाय कोन धरनार?" उंब्रजच्या आसपास आमच्या मराठ्यांच्या घरी बकरं पडायचं ते मुलाण्याच्याच हातून. ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण हा प्रश्न मात्र चाचाचा स्वतःचा. ज्याच्या घरचं बकरं, त्यानेच त्याचे पाय धरायचे, हा त्याचा नेम होता आणि त्यापुढे कोणाचं चालत नसे.

एकदा पाटलांनी शेतावरच्या गड्याला पुढे केलं. चाचाने सुरी पुन्हा पंच्यात गुंडाळली आणि भिंतीला टेकून विडी पेटवली. "पाटील, मटान तुमी खानार का ह्यो?" एवढंच म्हणाला. पाटील बाह्या सारत आले तेव्हा कुठे स्वारी उठली. गावाला महिनाभर हसायला झालं. पाटील स्वतः मात्र हसत नसत.

धरायचीही त्याची तऱ्हा होती. सुरीला तो घरूनच धार लावून आणायचा, जनावराला दिसेल अशी कधी काढायचा नाही. धरणारा जोर करायला लागला की हळूच म्हणायचा, "दाबू नगा. निस्तं धरा. जाताना कुनीतरी जवळ हाय, एवढं कळू द्या त्याला."

सांगलीचे एक जैन व्यापारी गूळ घ्यायला आमच्या गुऱ्हाळावर येत. एकदा त्यांनी चाचाला गाठलं. "चाचा, एवढ्या जिवांचं पाप कुठं फेडणार?" चाचा चिडला नाही. "म्हनून तर शेठ, ज्याचं त्याला वाटून देतो," म्हणाला. मला त्या वेळी दोघांचंही पटलं, आणि मटण तर आवडायचंच.

बांगलादेशच्या लढाईत माझा थोरला भाऊ, आण्णा, सीमेवर होता. आईने म्हसोबाला बकरं बोललं. आण्णा धडधाकट परत आला, रजेवर घरी आला, आणि यात्रेला मीही कोरेगावहून सासरची परवानगी काढून माहेरी आले. बकरं आईने हाताने पाला घालून वाढवलेलं. ती मळ्यात गेली की मागे मागे जायचं.

अंगणात त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं. बकऱ्याने अंग झाडलं, म्हणजे देवाने कौल दिला. चाचाने नेहमीचं विचारलं. आई म्हणाली, "आण्णा धरंल. त्येच्यासाठीच बोललंय न्हवं."

आण्णा बसला. पाय धरले. आणि चाचा सुरीला हात घालणार एवढ्यात सोडून उठला.

"माज्यानं न्हाई व्हायचं, चाचा. तिकडं एकाचं पाय असंच धरून बसलोवतो मी."

चुलते पुढे झाले, म्हणाले, मी धरतो, त्यात काय एवढं. चाचाने मान हलवली. "आण्णाला नगं वाटतंय तर सोडून द्या बकरं. देव काय उपाशी न्हाई मरत."

पण आईला ते कसं पटावं? आण्णाला पुन्हा सीमेवर जायचं होतं. नवस अर्धवट राहिला आणि पोराचं काही बरंवाईट झालं, तर ती कोणाच्या तोंडाकडे बघणार होती? तिने पदर खोचला. आमच्यात बायका त्या बाजूला फिरकतही नसत, आम्हीही उंबऱ्यातूनच बघत होतो. "बोलले मी," ती म्हणाली, "पाय मीच धरती."

नेम चाचाचाच होता, तो पुढे सरला. बकऱ्याने आईला ओळखलं. धडपडलंसुद्धा नाही, तिच्या हातात गप पडून राहिलं. सगळं झालं तरी आईचे हात सुटेनात.

"वैनी, सोडा आता. ग्येलं त्ये," चाचा म्हणाला.

त्या दिवशी त्याने वाटा नेला नाही. आण्णा रजा संपायच्या आधीच पलटणीत गेला. आईने नंतर उभ्या जन्मात मटण तोंडात घातलं नाही, आम्हाला मात्र रांधून वाढत राहिली. मला चाचाचा राग आला होता. एकदा, फक्त एकदा, नेम मोडला असता तर काय बिघडलं असतं? अजूनही तो राग पुरता गेलेला नाही.

चाचाने तो प्रश्न विचारणं मात्र सोडलं. बोलावलं की यायचा, खाली मान घालून काम करायचा, जायचा. पाय कोणीही धरी, नाहीतर दोरीने बांधत. बाकीचे लांब पिंपळाखाली पान खात बसत. गावाला ते सोयीचंच झालं.

बहात्तरचा दुष्काळ होऊन गेल्यावर चार-पाच वर्षांनी चाचा अंथरुणाला खिळला. मी माहेरी होते, आई मला घेऊन बघायला गेली. श्वास लागला होता, डोळे मिटलेले, आणि पाय सारखे बाजेवर घासत होते. घरातली माणसं भिंतीला लागून उभी होती, जवळ जायला कोणी धजत नव्हतं. आई सरळ पायथ्याशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचे पाय धरले. दाबले नाहीत, नुसते धरले.

बऱ्याच वेळाने चाचाचे ओठ हलले. "पाय... कोन धरलंय?"

"मी हाय, भावजी."

पाय थांबले. दिवस कलताना तो गेला. बायकांनी रडायला सुरुवात केली, कोणी पाणी आणायला धावलं, आई तशीच बसून राहिली. शेवटी चाचाचा मुलगा तिच्याजवळ वाकला.

"काकी," तो म्हणाला, "सोडा आता."