गोळी न देणाऱ्या वासंतीबाई

डॉ. वासंतीबाईंची पहिली भेट झाली ती त्यांच्या तलासरीच्या दवाखान्यात. मी डहाणूत रक्त-लघवी तपासण्याची नवी लॅब काढली होती आणि काम मागायला गेलो होतो. समोर अच्छाडच्या चेकनाक्यावरून आलेला एक ट्रकड्रायव्हर सर्दीने बेजार होऊन बसला होता. "मॅडम, स्ट्राँग अँटिबायोटिक द्या ना, गाडी घेऊन निघायचंय." बाईंनी त्याला चहा पाजला, वाफ घ्यायला सांगितले, गोळी काही दिली नाही. तो तणतणत समोरच्या दवाखान्यात शिरला. "बघितलंत?" बाई मला म्हणाल्या, "माझे पेशंट असे जातात. इथून तुम्हाला फार काम मिळायचं नाही."

नाहीच मिळाले. तरी येईल त्याला बाई समजावीत राहिल्या. डहाणूच्या एका चिकूवाडीच्या मालकांना म्हणाल्या, "रायणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधता ना? झाडं वेगळी, तरी जुळतात. पोटातले जंतूही औषधाने न मरण्याची युक्ती एकमेकांना देतात, दुसऱ्या जातीच्या जंतूंनासुद्धा. उगाच गोळी घेतली की साधे मरतात आणि हे युक्तीवाले माजतात." ते हसले. "बाई, पोटात पण वाडी लावली काय तुम्ही!" आणि नातवाच्या सर्दीला गोळ्या दुसरीकडून घेऊन गेले.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाई तिला बघायला एसटीने डहाणूला येत. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र दुसरे कोणी नव्हते. मी संध्याकाळी गेलो की त्या इतक्या खुलत, की माझा पाय निघत नसे.

गेल्या वर्षी बाईंना लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला. नमुना मी स्वतः तपासला. जंतू एका इंजेक्शनाखेरीज कशालाच दाद देईनात. रिपोर्ट हातात देताना मला रडू आवरेना. "बाई, तुम्ही तर कधी उगाच गोळी घेतली नाहीत!"

"पाणी तेच, बाजार तोच," बाई म्हणाल्या. "गावाच्या पोटात आहे ते माझ्या पोटात येणारच. माणसं यायची थांबली, जंतू येत राहिले." त्या हसल्या.

ते इंजेक्शन लागू पडले, म्हणून बाईंच्या पंचाहत्तरीचा हा लेख लिहितो आहे. बाईंना निरोगी शंभर वर्षे लाभोत, असे मनापासून वाटते. पण ते त्यांच्या एकट्यांच्या हातात कधीच नव्हते. पुढच्या सर्दीला तुम्ही-आम्ही डॉक्टरांकडे काय मागतो, त्यावर ते आहे.