रावांच्या हॉटेलच्या शटरवरचा कागद

या वेळची म्हैसूरची सहल राजवाडा बघायला नव्हती, दसऱ्याचीही नव्हती. मी माफी मागायला गेले होते.

या ब्लॉगवरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट माझ्या जुन्या वाचकांना आठवत असेल. चार वर्षांपूर्वी लिहिलेली, लष्कर मोहल्ल्यातल्या रावांच्या मिलिटरी हॉटेलवर. मिलिटरी हॉटेल म्हणजे कर्नाटकातलं मटण-चिकनचं साधं खाणावळवजा हॉटेल. हे चालवणारे राणोजीराव म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांच्या घराण्यातले. नवऱ्याची नोकरी हूटगळ्ळीच्या कारखान्यात होती, त्यामुळे आम्ही आठ वर्षं म्हैसुरात राहिलो. त्यातले जवळजवळ सगळे रविवार रावांकडे गेले. मटण पुलाव, पाया, आणि काळ्या मिऱ्यात परतलेली कलेजी! आम्ही आलेलो दिसलो की राव न विचारता कलेजी सांगून टाकायचे.

पुण्याला परतल्यावर एकदा दसऱ्याला म्हणून गेलो, तर हॉटेलचं शटर बंद. मला रडूच आलं. शटरचे आठ-दहा फोटो काढले, गाडीत बसले आणि त्याच दिवशी लिहून टाकलं, ‘एका चवीचा अंत’. गांधी चौकाजवळची जुनी कॉफीची दुकानं गेली, बाजारामागची इडली गेली, आता रावही गेले, असं गळा काढून लिहिलं. लोकांनी ते भराभर पुढे पाठवलं. मी हवेत होते.

दोन महिन्यांपूर्वी बेळगावच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली. बेळगावकरांना कन्नड वाचता येतं. त्यांनी लिहिलं होतं, “ताई, तुमच्या फोटोत शटरवर कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय, आज अमावास्या, हॉटेल बंद, उद्या बारापासून नेहमीप्रमाणे. खाली अजून काहीतरी आहे, ते अंधूक दिसतंय.”

मी पोस्ट पुन्हा उघडली. माझ्याच लेखात, तिसऱ्या परिच्छेदात, ‘उद्या घटस्थापना’ असं लिहिलेलं! म्हणजे तो दिवस सर्वपित्रीचा. माझ्या सासरी त्या दिवशी पान वाढतात, आणि मला दुसऱ्याच्या दारात ते सुचलं नाही. आठ वर्षं त्या गावात राहून मी बसवरचे आकडे सोडले तर कन्नडचं एक अक्षर शिकले नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला, तीही हजारो लोकांसमोर. जित्या हॉटेलचं मी श्राद्ध घातलं होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं की हॉटेल त्यानंतर अडीच वर्षं चालू होतं. आता मात्र खरंच बंद झालंय, आणि राव मुलीकडे राहतात. कुठे, तर हूटगळ्ळीत. नवरा म्हणाला, “पोस्ट गुपचूप काढून टाक की.” मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण झोप लागेना, म्हणून तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून म्हैसूरला थेट गाडी रोज नसते, त्यामुळे मी बसनं बंगळूर गाठलं आणि तिथून रेल्वेनं तीनेक तासांत म्हैसूर. स्टेशनजवळच उतरले. सकाळी आधी लष्कर मोहल्ल्यात गेले. हॉटेलच्या जागी आता प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खुर्च्यांचं दुकान आहे. पुलाव खायचा असेल तर त्या भागात अजून दोन-तीन मिलिटरी हॉटेलं टिकून आहेत, बाराच्या ठोक्याला जा, दोननंतर तळच उरतो. मी काही खाल्लं नाही. हूटगळ्ळीला रिक्षावाल्यानं तीनशे सांगितले, म्हणून शहर बसस्थानकावरून बस धरली. आमच्या वेळी जिथे मोकळं माळरान होतं तिथे आता घरांच्या रांगा आहेत. पत्ता सापडायला अर्धा तास गेला.

दार रावांच्या मुलीनं, सुमित्रानं उघडलं. चाळिशीची, शाळेत शिकवणारी. मी नाव सांगितलं तशी तिचा चेहरा बदलला.

“तुमीच काय ते लिवणारी?”

मी मान हलवली. वर बघायची हिंमत नव्हती.

आतून रावांचा आवाज आला. “कोण गं? या, बसा अम्मा. ऊटा झालं काय?”

जेवण झालं का, हेच विचारलं त्यांनी आधी. आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत, पण मिशी तीच. मी पाया पडले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. चूक झाली, कागद वाचला नाही, कुणाला विचारलंही नाही.

राव हसले. “इरली बिडी. राहू दे. एक माणूस आला होता पुन्यासनं, गल्ल्यासमोर उभा राहून मलाच विचारतो, हे हॉटेल आता कोण चालवतं? मी म्हटलं, मीच की! दोन प्लेट पुलाव खाल्ला त्यानं.”

सुमित्रा हसली नाही. “अप्पा सुम्ने बोलतात, उगीच. दसऱ्याला तुमच्याकडची किती लोकं यायची. पुढच्या वर्षी आलीच नाय. अप्पा रोज दार बघायचे.”

“त्यानं नाय बंद झालं हॉटेल,” राव म्हणाले. “माझ्या गुडघ्यानं झालं.”

“ते नंतर,” ती म्हणाली.

कोणाचं खरं धरायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी मोबाईलवर मूळ फोटो उघडून रावांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि स्वतःचं अक्षर बघून खूश झाले.

“खाली काय लिहिलंय?” मी विचारलं.

त्यांनी वाचून मराठीत सांगितलं. “आज अमावास्या, हिरियर हब्ब. म्हणजे गेलेल्या वाडवडिलांचा सण. हॉटेल बंद. उद्या बारापासनं. जेवायला मागच्या दारानं यावं.”

“कुणी यावं?”

“कुणी बी. आमची गिऱ्हाईकं सगळी यायची त्या दिवशी. मटण, वडे, खीर. त्या दिवशी दारात आलेल्याला उपाशी नाय लावून देत.” मग सहज म्हणाले, “मी बघितलं की तुमाला. वरच्या खिडकीत होतो. म्हटलं, नोडी, बघा, हूटगळ्ळीची अम्मा आली. खाली येऊन सांगितलं, एक पान वाढा, कलेजी ठेवा. मग वाट बघितली.”

“हाक का नाही मारली?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “कागदावर लिवलं होतं ना. म्हटलं, मागनं येतील.”

आठ वर्षं त्यांच्या गावात राहिलेल्या बाईला तेवढं वाचता येत नसेल, हे त्या भल्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुमित्रानं ताट वाढलं, मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि मटणाचं सार. नको म्हणायचं तोंड नव्हतं. रडत रडत जेवले. “पोस्ट काढून टाकू का?” मी तिला विचारलं. “काढू नका,” ती म्हणाली. “खरं काय ते वर लिवा. तुमचं नाव घालून.”

पुण्याला आल्यावर तेच केलं. जुन्या पोस्टच्या डोक्यावर जाड अक्षरात चार ओळी घातल्या. हॉटेल त्या दिवशी जिवंत होतं. शटरवरच्या कागदावर जेवायचं आमंत्रण होतं. आठ वर्षं म्हैसुरात राहूनही मला ते वाचता आलं नाही. राव आत पान मांडून माझी वाट बघत होते. खाली माझं पूर्ण नाव.

तासाभरात प्रतिक्रिया आली. “किती हृदयस्पर्शी! रावांना भावपूर्ण श्रद्धांजली.”

मी उत्तर लिहिलं, राव सुखरूप आहेत, कृपया वरच्या चार ओळी वाचा. त्या बाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विचारलं, “फोटो कुठला आहे हो? फार बोलका आहे.”

त्यांना काय बोलणार? तो काढताना मीही त्यावरचं काही वाचलं नव्हतं.