यंत्र हाये, चाक न्हाई

भोकरदनच्या बाजारपट्टीत, खताच्या दुकानामागे, मच्छिंद्र मोटारी भरायचा. जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार छिन्नीनं काढायची, नवी तांब्याची तार वेटाळून घालायची, व्हार्निश पाजून उन्हात वाळवायची. विहिरीवरच्या मोटारी दर उन्हाळ्यात जळत. वीज यायची ती अर्धमेली, आणि अर्धमेल्या विजेवर मोटार धापा टाकत स्वतःला जाळून घेते. त्या जळण्यावर मच्छिंद्रचं पोट चालायचं. भाऊ शेती करत. ह्याला ढेकळांची ओढ कधी नव्हतीच. बंद पडलेली वस्तू मात्र त्याला बघवत नसे, आणि त्याच्या दुकानात दुसरं काही येत नसे.

त्याची बायको दुर्गाबाई म्हणायची, "घरात रेडिओ बंद पडला तर तुम्हाला दिसत न्हाई. लोकाचं काही मेलं की लगेच सुतक धरता."

१९८५ साली कसल्याशा योजनेतून सावरवाडीच्या कुंभारगल्लीत विजेवर चालणारी मडक्यांची यंत्रं आली. लोखंडी पेटी, आत मोटार आणि पट्टा, वर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची तबकडी, खाली पायानं दाबायचं पेडल. दांडक्यानं गती द्यायची हातचाकं कुंभारांनी उचलली, हळदीकुंकू वाहिलं आणि महादेवाच्या देवळामागच्या ओवरीत टेकवून ठेवली. यंत्रं देणारे फोटो काढून गेले. वर्षभरात दोन मोटारी जळाल्या. त्या सायकलच्या कॅरिअरला बांधून भोकरदनला आल्या आणि मच्छिंद्रचं सावरवाडीशी नातं जुळलं.

त्याला ही यंत्रं आवडली. विहिरीची मोटार पाणी फेकते, संपलं. इथं त्यानं भरलेल्या तारेतून एक घागर उभी राहायची, तिला पोट यायचं, गळा यायचा. तो दुरुस्ती झाल्यावरही तिथंच उकिडवा बसून राहायचा. कुंभार म्हणत, "मिस्त्री, यष्टी गेली तुमची." तो म्हणे, "जाऊ द्या, दुसरी येईन."

गोजरबाईचा नवरा १९८८ साली कावीळ होऊन गेला. मागं ती, एक मुलगी आणि सासरा पुंजाराम. पुंजारामचे हात तोवर थरथरू लागले होते, नजर धूसर झाली होती. यंत्रावर पोतं टाकून ठेवलं होतं. गल्लीतल्या बाया माती तुडवत, ओली मडकी चोपून फुगवत, भट्टी रचत. चाकावर मात्र बाई बसत नसे. चाक म्हणजे महादेव. त्याला बाईचा हात लागत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी कधी बोललेलं नव्हतं.

मच्छिंद्र त्या दिवशी शेजारच्या यंत्राचा पट्टा बदलायला आलेला. पुंजारामनं गल्लीला बोलावलं होतं.

"हे यंत्र हाये, चाक न्हाई," पुंजाराम म्हणाला. "लोखंड कारखान्यातून आलं, करंट खांबावरून आला. ह्याच्यात देव कुठून येईन? पिठाच्या गिरणीवर बाई दळती का न्हाई? मंग माझी सून ह्याच्यावर मडकी करीन."

कडूबा गल्लीत सगळ्यांत वडील. तो मिशीत हसला. "बराबर हाये. मंग गिऱ्हाइकाला सांग, गोजरबाईच्या घागरी न्हाईत, दळण हाये."

लोक हसले. हसले म्हणजे मान्य झालं. कडूबानं उठताना एवढंच सांगितलं, "ओवरीतल्या चाकाला मात्र हात लावू नको माय."

"माझे हात कशाला तिकडं जातील, मामंजी," गोजरबाई म्हणाली.

तिला बसवून मडकं कसं उचलायचं ते पुंजाराम शेजारून तोंडानं सांगत गेला. पहिला उन्हाळा सगळा मोडक्या मडक्यांचा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या घागरी बाजारात विकल्या गेल्या. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पुंजारामला सांगायला काही उरलं नाही.

पुढची वर्षं एकेक यंत्र मरण्याची होती. प्लास्टिकच्या घागरी आल्या. गल्लीतले तरुण वीटभट्ट्यांवर गेले, काही जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत. यंत्र बंद पडलं की ते मच्छिंद्रला बोलवेनासे झाले, भंगारवाल्याला बोलवत. यंत्र जालन्याला जायचं, वितळायचं, आणि कोणाच्या तरी स्लॅबात सळई होऊन पडून राहायचं. मच्छिंद्र भंगारवाल्याच्या आधी पोचायची धडपड करी. ह्याचं बेअरिंग काढ, त्याची पेडलची स्प्रिंग काढ. सगळं गोजरबाईच्या यंत्राला. सात मेलेल्यांतून एक जिवंत ठेवायचा असा हा उद्योग. १९९६ पर्यंत सावरवाडीत तिचं एकच यंत्र उरलं. ते थांबलं तर तिला बसायला दुसरी जागा नव्हती. पुरुषाला निदान ओवरीतलं चाक होतं.

मातीचं पाणी बेअरिंगमध्ये उतरतं हा त्या यंत्राचा कायमचा आजार. गोजरबाईला तो कानानं कळायचा.

"मच्छिंद्रभाऊ, खोकून राह्यलंय ते. कालपासून."

"कोरडा का ओला?"

"खोकला? ओलाच म्हना."

"मंग पाणी उतरलं. उतरवा खाली, औषध पाजू."

असं त्यांचं बोलणं. याच्यापलीकडे ती दोघं कधी गेली नाहीत. पण पुंजाराम बाजेवरून म्हणायचा, "मिस्त्री, सोयरे झाले तुम्ही आता. आहेर घेऊन येत जा." आणि मच्छिंद्र खरंच कधी तेलाची बाटली, कधी वायरचा तुकडा घेऊन यायचा.

१९९७ च्या चैत्रात तबकडी तडकली. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आखितीला घरोघर पितरांच्या नावानं नवी मडकी लागतात, प्लास्टिकवाल्यांनासुद्धा. गोजरबाईचं वर्ष त्या दिवसांवर उभं असायचं. मच्छिंद्रनं तबकडी दुकानात आणली. बीड नीट डाखलं जात नाही. एकदा डाखून पाहिलं, दुसऱ्या जागी तडा गेला. त्यानं रागानं ती भंगाराच्या ढिगात फेकली आणि आठवड्याच्या भंगारवाल्यानं उचलून नेली. जालन्याच्या लेथवाल्यानं आखितीनंतर बघू म्हणून सांगितलं.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं हातचाक टेकवलेलं होतं. अंबडकडच्या एका म्हाताऱ्या कुंभारानं धंदा सोडताना दिलेलं. चुलीत घालवत नाही, तुम्ही ठेवा, म्हणाला होता. आरे किडले होते, पण मधली लाकडी तबकडी तशीच होती. पिढ्यांच्या तळहातांनी ती गुळगुळीत केली होती. मच्छिंद्रनं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग आरे काढले, मधोमध भोक पाडलं, खालून लोखंडी पट्टी बसवली. लाकूड इतकं चांगलं की गिरमिट फिरताच वास सुटला. त्याला बरं वाटलं. मेलेल्यातलं एक अजून उपयोगी पडणार होतं.

यंत्रावर ती तबकडी बसली आणि असं काही झालं जे त्यानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. कंप गेला. लाकडानं माती धरून ठेवली. गोजरबाईचे हात आत गेले आणि घागर जणू वाट बघत असल्यासारखी वर आली.  ती एकामागून एक घागरी काढत राहिली. लाकूड कुठलं, हे तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

बाजाराच्या दिवशी तो पुन्हा आला. अंगणात घागरी वाळत होत्या. पुंजाराम आणि कडूबा उन्हात बसले होते. आत गोजरबाई कामावर, यंत्राचा संथ आवाज येत होता. पुंजारामनं एक घागर मांडीवर घेऊन तिच्या पोटावरून बोटं फिरवली.

"मिस्त्री, औंदा कशा निघून राह्यल्या हो घागरी? माझ्या हातच्या वाटतात. काय केलं तुम्ही?"

मच्छिंद्रला कामाची तारीफ ऐकायची सवय नव्हती. लोकांची मोटार चालू झाली की लोक पाण्याकडे बघतात. तो हरखला.

"सांगू का मामा? त्याच्यावर खरं चाक बसवलं मी. अंबडकडच्या कुंभाराचं, त्याच्या आजापासून चाललेलं. लोखंड बिलकुल न्हाई. तुमचं यंत्र आता चाक झालं बघा."

कडूबाचा चिलमीचा हात तोंडाशी थांबला. आत आवाज बदलला. गोजरबाईनं पेडलवरचा पाय उचलला होता. तबकडी मंदावत गेली, तिच्यावरची अर्धी घागर एका बाजूला कलली आणि बसली. ती उठली. हात न धुता, अंगापासून दूर धरून, ती भिंतीशी उभी राहिली. जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते.

पुंजाराम चाचपडत आत गेला. तबकडीवरची माती त्यानं पुसून काढली, लाकडाला बोटं लावली, कपाळाला लावली.

"मी काढतो," मच्छिंद्र म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढतो." त्यानं पिशवीतून पाना काढला.

"पाना ठेवा खाली मिस्त्री. बसलेला देव उठवत न्हाईत."

"लाकूड हाये मामा ते! मीच भोक पाडलं त्याला."

"मूर्तीला बी कुनीतरी छिन्नी लावलेलीच आसती," पुंजाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मच्छिंद्रला काही करता आलं असतं.

कडूबा दारातून म्हणाला, "चुकून झालं. कोणी काही म्हनत न्हाई तिला." आणि खरंच, पुढेही गल्लीत तिला कोणी काही म्हटलं नाही.

मच्छिंद्र जालन्याला जाऊन लेथवाल्याच्या दारात बसून राहिला आणि लोखंडाची तबकडी घेऊनच उठला. मग त्याला वाटलं, तबकडीनं भागणार नाही. त्यानं जुन्या मोटारीवर, वेल्डरकडून पेटी करून घेऊन, अख्खं नवं यंत्र बनवलं. देवाचं ते देवाकडे राहू द्या, हे नवं. टेम्पोत घालून सावरवाडीला आणलं. आखिती होऊन गेली होती. न भाजलेल्या घागरी अंगणात वळवाच्या पावसानं विरघळत होत्या.

गोजरबाईनं यंत्राभोवती एक फेरी मारली. पेडलला पाय लावला नाही.

"सगळं लोखंड हाये," तो म्हणाला. "आतलं बाहेरचं. शपथ घेऊन सांगतो."

"तुमच्यावर भरोसा न्हाई आसं न्हाई भाऊ."

"मंग बसा की."

ती उंबऱ्यावर टेकली. "नऊ वर्षं मी बसले, का तर ते लोखंड हाये म्हनून. त्या दिसात हाताखाली लाकूड होतं आन् मला काहीच येगळं वाटलं न्हाई. उलट बरं वाटलं. रोजच्यापरीस बरं." तिनं तळहात उलटेपालटे करून पाहिले. "मंग नऊ वर्षं मी कशाला हात लावून राह्यले होते, सांगा तुम्ही."

 तार कुठं तुटली ते मीटर लावून कळतं. इथं मीटर लावायला जागा नव्हती. त्यानं पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामच बोलेल, पुन्हा 'यंत्र हाये, चाक न्हाई' म्हणेल, असं त्याला वाटलं. म्हातारा धूसर डोळ्यांनी नव्या यंत्राच्या दिशेला बघत राहिला. ते वाक्य आता कोणाच्याच तोंडून निघणार नव्हतं.

नवं यंत्र टेम्पोतून परत गेलं. मच्छिंद्रनं ते कितीतरी दिवस दुकानात झाकून ठेवलं, मग त्याची मोटार काढून एका विहिरीला दिली.

गोजरबाई बियाण्याच्या प्लॉटवर जाऊ लागली. कपाशीच्या फुलातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या फुलाचा पराग बोटानं लावायचा, दिवसभर, ओळीनं. तिची बोटं त्या कामाला चांगली होती. मुकादम तिला पुढच्या वर्षीही बोलवतो.

यंत्र तिथंच आहे. लाकडी तबकडीवर बेलाची पानं, स्विचवर कुंकवाचं बोट. पुंजाराम सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडतो. पाण्यानं बेअरिंग जाम होईल म्हणून मच्छिंद्र महिन्या-दोन महिन्यांनी यष्टीनं येतो. पानं बाजूला करतो, तेल सोडतो, बटण दाबतो. तबकडी रिकामी फिरते. कंप अजून नाही. पुंजाराम बाजेवरून विचारतो, "खोकून तं न्हाई राह्यलं?" तो म्हणतो, "न्हाई मामा."

एकदा तो असा बसला असताना प्लॉटवरून बाया परतत होत्या. बाकीच्या आपापल्या घरात शिरल्या. गोजरबाई गल्लीच्या तोंडाशी थांबली. डबा हातात, पदर डोक्यावर, आवाजाकडे पाठ. आवाज बंद झाल्याशिवाय ती घरी येणार नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं बटणाकडे हात नेला आणि मागं घेतला. तेल आतपर्यंत उतरायला वेळ लागतो. मध्येच बंद केलं तर बेअरिंग जाम होईल, यंत्र ह्यापुढे चालणार नाही. तो फिरत्या तबकडीकडे बघत बसून राहिला, आणि ती तिथं उभी राहिली.